अपरिबद्ध पेट्री-जाळी आणि गम्यतेचा प्रश्न

१. प्रास्ताविक

एखाद्या यंत्रणेत अनेक क्रिया एकाच वेळी, कधी परस्परांची वाट पाहत तर कधी परस्परांपासून अगदी स्वतंत्रपणे, चालू असतात. अशा यंत्रणेच्या वर्तनाचे नेमके वर्णन कसे करावे, हा प्रश्न जर्मन गणितज्ञ कार्ल आडाम पेट्री (१९२६–२०१०) यांनी आपल्या प्रबंधात हाती घेतला. स्वयंचलित यंत्रांशी होणारे संज्ञापन हा त्या प्रबंधाचा विषय असून तो १९६२ साली बॉन येथे प्रसिद्ध झाला. त्यात रुजलेल्या कल्पनेला पुढे 'पेट्री-जाळे' हे नाव पडले. आज संगणकाच्या कार्यक्रमांची तपासणी, रासायनिक विक्रियांचा अभ्यास, कारखान्यातील कामाची आखणी अशा परस्परांहून दूरच्या क्षेत्रांत ही जाळी वापरली जातात.

या जाळ्यांविषयी विचारता येणारा सर्वांत साधा प्रश्न असा: एका दिलेल्या आरंभापासून निघून एका दिलेल्या अवस्थेला पोहोचता येईल काय? यालाच गम्यतेचा प्रश्न म्हणतात. जाळ्याच्या अवस्था सांत असतील तर त्या सर्व क्रमाने लिहून काढता येतात. श्रम फार पडतील, परंतु तत्त्वतः अडचण नाही. जाळे अपरिबद्ध असेल, म्हणजे अवस्थांची संख्या अनंत असेल, तर मात्र हा मार्ग खुंटतो. लक्ष्य गम्य असेल तर ते केव्हातरी यादीत सापडेल; गम्य नसेल तर यादी संपणार नाही आणि 'नाही' हे उत्तर देण्याचा क्षण कधीच येणार नाही.

या प्रश्नाला निश्चितपणे 'होय' अथवा 'नाही' म्हणणारी रीती आहे, हे १९८१ साली सिद्ध झाले. त्या रीतीला किती श्रम अटळ आहेत, हे ठरण्यास २०२१ साल उजाडावे लागले. ही वाटचाल का लांबली आणि तिच्यातील मुख्य टप्प्यांमागील कारणे कोणती, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सिद्धतांचे तपशील येथे देता येणार नाहीत. परंतु विचाराचा धागा तुटू नये एवढी काळजी घेतली आहे. लेखाला दुसराही एक हेतू आहे. गम्यता आणि तिची धाकटी बहीण आच्छादनीयता यांची गल्लत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हातून वारंवार होते, आणि तीतून निघणारे निष्कर्ष सर्वस्वी चुकीचे ठरतात. ती गल्लत कोठे होते हे एका उदाहरणाच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

२. व्याख्या

पेट्री-जाळ्यात दोन प्रकारचे बिंदू असतात: स्थाने आणि संक्रमणे. प्रत्येक स्थानात शून्य किंवा अधिक टोकने असतात. कोणत्या स्थानात किती टोकने आहेत, हे सांगणाऱ्या संख्यांच्या समूहास चिन्हांकन म्हणू. हीच जाळ्याची अवस्था होय. प्रत्येक संक्रमण काही स्थानांतून ठराविक टोकने उचलते आणि काही स्थानांत ठराविक टोकने टाकते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून पाणी बनते, ही विक्रिया घ्यावी. तिचे संक्रमण हायड्रोजनाच्या स्थानातून दोन टोकने आणि ऑक्सिजनाच्या स्थानातून एक टोकन उचलते आणि पाण्याच्या स्थानात दोन टोकने टाकते. उचलावयाची टोकने उपलब्ध असतील तरच संक्रमण घडू शकते; मात्र ते घडलेच पाहिजे असे बंधन नाही.

येथे एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. 'या स्थानात निदान इतकी टोकने आहेत काय?' असे संक्रमणाला विचारता येते. 'हे स्थान रिकामे आहे काय?' असे विचारता येत नाही. यावरून असे निघते की, एखाद्या चिन्हांकनापासून जी संक्रमण-मालिका घडू शकते ती त्याहून मोठ्या कोणत्याही चिन्हांकनापासूनही घडू शकते. अधिक टोकने असल्याने कोणाचे काही अडत नाही. या गुणास एकदिशता म्हणू.

एकदिशता ही जाळ्याची दुर्बलता आहे आणि तीच गणितज्ञाची आशा आहे. शून्यता तपासण्याची सोय दिली तर अवघ्या दोन गणकांनी कोणतेही गणन करता येते, हे मार्व्हिन मिन्स्की यांनी दाखवून दिले आहे; आणि मग गम्यतेचा प्रश्न ट्यूरिंग यंत्राच्या थांबण्याच्या प्रश्नाइतकाच अनिर्णेय होतो. साध्या जाळ्याला ती सोय नाही, म्हणूनच निर्णय-रीतीचा शोध व्यर्थ ठरत नाही.

१९६९ साली रिचर्ड कार्प आणि रेमंड मिलर यांनी हीच रचना सदिशांच्या भाषेत मांडली. प्रत्येक संक्रमण म्हणजे पूर्णांकांचा एक सदिश. आरंभ म्हणजे अऋण पूर्णांकांचा एक सदिश. आरंभात एकामागून एक सदिश मिळवीत जावयाचे, मात्र कोणत्याही पायरीवर कोणताही घटक ऋण होता कामा नये. किरकोळ फेरफारांनी या दोन मांडण्या एकमेकींत रूपांतरित होतात. म्हणून पुढे सोयीप्रमाणे दोहोंचा उपयोग केला आहे.

३. कार्प आणि मिलर यांचा वृक्ष

अपरिबद्ध जाळ्याच्या अनंत अवस्थांना सांत आकृतीत बसविण्याची पहिली युक्ती कार्प आणि मिलर यांचीच. आरंभीचे चिन्हांकन मुळाशी ठेवावे आणि घडू शकणाऱ्या प्रत्येक संक्रमणागणिक एक फांदी काढावी. एखाद्या फांदीवर नवे चिन्हांकन आले आणि ते त्याच फांदीवरील एखाद्या पूर्वजाहून सर्व घटकांत मोठे वा समान, आणि निदान एका घटकात खरोखर मोठे, असे असेल, तर मधली संक्रमण-मालिका पुनःपुन्हा घडविता येईल हे एकदिशतेवरून उघड आहे. मग जे घटक वाढले ते हवे तेवढे वाढविता येतील. अशा घटकाच्या जागी 'ओमेगा' हे चिन्ह लिहावे. त्याचा अर्थ 'वाटेल तितके'. एकदा आलेला ओमेगा पुढे त्या फांदीवर कायम राहतो. एखाद्या पूर्वजाशी तंतोतंत जुळणारे चिन्हांकन आले की ती फांदी तेथेच थांबवावी.

हा वृक्ष सांत असतो, ही गोष्ट स्वयंसिद्ध नाही. तिचा आधार लिओनार्ड डिक्सन यांच्या १९१३ च्या एका साहाय्यक प्रमेयात आहे. अऋण पूर्णांकांच्या समूहांची कोणतीही अनंत क्रमिका घेतली तरी तीतून प्रत्येक घटकात कधीच न घटणारी अनंत उपक्रमिका निवडता येते. पहिल्या घटकासाठी अशी उपक्रमिका निवडावी, तीतून दुसऱ्यासाठी, आणि याप्रमाणे शेवटपर्यंत. आता समजा की वृक्ष अनंत आहे. प्रत्येक बिंदूपासून निघणाऱ्या फांद्या सांत असल्यामुळे, कोनिग यांच्या प्रमेयानुसार, त्यात एक अनंत फांदी असलीच पाहिजे. तिच्यावर डिक्सन यांच्या प्रमेयाने मिळणारी न घटणारी उपक्रमिका घेतली, तर पुनरावृत्ती निषिद्ध असल्यामुळे तिच्या प्रत्येक पायरीवर एखादा घटक खरोखर वाढतो, म्हणजेच एक नवा ओमेगा येतो. परंतु घटक तर मोजकेच आहेत. यास्तव अनंत फांदी असंभवनीय ठरते.

या वृक्षावरून दोन प्रश्नांची उत्तरे तत्काळ मिळतात. पहिला प्रश्न परिबद्धतेचा: वृक्षात कोठेही ओमेगा नसेल तर आणि तरच जाळे परिबद्ध असते. दुसरा प्रश्न आच्छादनीयतेचा: दिलेल्या चिन्हांकनाएवढे किंवा त्याहून मोठे असे काही चिन्हांकन गाठता येते काय? वृक्षातील एखादा बिंदू लक्ष्याला आपल्या पोटात घेत असेल तर आणि तरच येते. दोन प्रक्रिया एकाच वेळी निषिद्ध भागात शिरतात काय, यासारखे सुरक्षिततेचे पुष्कळसे प्रश्न याच प्रकारचे असतात. त्यांना हा वृक्ष तत्त्वतः पुरतो. तत्त्वतः म्हणण्याचे कारण असे की, वृक्षाचा आकार प्रचंड वाढू शकतो. चार्ल्स रॅकॉफ यांनी १९७८ साली दाखविले की, आच्छादनीयता ठरविण्यास घातीय स्मृती पुरते. वृक्ष पूर्ण बांधण्याची आवश्यकता नाही.

४. ओमेगात काय हरवते

आता गल्लतीचे मूळ पाहू. दोन स्थाने असलेली दोन लहान जाळी घ्यावी. दोहोंतही पहिल्या स्थानात एक टोकन आहे, दुसरे रिकामे आहे आणि एकच संक्रमण आहे. हे संक्रमण पहिल्या स्थानातील टोकन उचलून तेथेच परत ठेवते. पहिल्या जाळ्यात ते दुसऱ्या स्थानात एक टोकन टाकते, दुसऱ्या जाळ्यात दोन. दोन्ही जाळ्यांचा कार्प-मिलर वृक्ष एकच येतो: (१, ०), त्यानंतर (१, ओमेगा), आणि पुन्हा (१, ओमेगा). परंतु (१, ३) हे चिन्हांकन पहिल्या जाळ्यात गम्य आहे आणि दुसऱ्यात नाही, कारण तेथे दुसऱ्या स्थानातील टोकने नेहमी सम असतात. ओमेगा 'वाटेल तितके' म्हणतो. 'नेमके किती' हे तो सांगत नाही. ज्या दोन जाळ्यांची उत्तरे भिन्न आहेत त्यांचा वृक्ष एकच असेल, तर त्या वृक्षावरून गम्यतेचा निर्णय करता येणार नाही हे उघडच आहे.

सम-विषमतेचा भेद वाचकांस किरकोळ वाटेल. म्हणून जॉन हॉपक्रॉफ्ट आणि जाँ-जाक पान्सियो यांनी १९७९ साली दिलेले अधिक बोलके उदाहरण घेऊ. पाच स्थाने आहेत. क आणि ख या दोन स्थानांत मिळून एकच टोकन असते; ते कारभाऱ्याचे काम करते. क्ष, य आणि ज्ञ ही तीन स्थाने साठ्याची. कारभारी क मध्ये असताना ज्ञ मधील एक टोकन य मध्ये हलविता येते. कारभारी ख मध्ये असताना य मधील एक टोकन उचलून ज्ञ मध्ये दोन टाकता येतात. कारभाऱ्याने क मधून ख मध्ये जावे, यास काही मोल नाही. ख मधून क मध्ये परतताना मात्र क्ष मध्ये एकाची भर पडते. आरंभी कारभारी क मध्ये असून (क्ष, य, ज्ञ) हे (०, ०, १) असे आहेत.

जाळे काय करते ते सहज ध्यानात येईल. प्रत्येक फेरीत साठा दुप्पट होऊ शकतो, आणि क्ष फेऱ्या मोजतो. कारभाऱ्याने घाई केली, म्हणजे एखादे स्थान पुरते रिकामे होण्यापूर्वीच तो पुढे गेला, तर साठा दुपटीहून कमी राहतो. दुपटीहून अधिक तो कधीच होत नाही. परिणामी कारभारी क मध्ये असताना य आणि ज्ञ यांची बेरीज एकपासून २ च्या क्ष-व्या घातापर्यंत काहीही असू शकते, त्यापलीकडे मात्र नाही. गम्य चिन्हांकनांचा संच येथे घातीय वक्राने बांधलेला आहे. रेषीय असमीकरणे आणि भागाकाराच्या बाकी यांच्या साहाय्याने, म्हणजे प्रेसबर्गर अंकगणिताच्या भाषेत, त्याचे वर्णन करता येत नाही. कार्प-मिलर वृक्षात तर थोड्याच पायऱ्यांनंतर क्ष, य आणि ज्ञ या तिन्ही ठिकाणी ओमेगा येतो, आणि त्या तिघांतील नात्याचा मागमूसही उरत नाही.

५. जमाखर्चाचे समीकरण

वृक्षाकडे पाठ फिरवून दुसरा सोपा मार्ग पाहू. प्रत्येक संक्रमण किती वेळा घडले ती संख्या अज्ञात मानावी. आरंभाच्या चिन्हांकनात त्या त्या संक्रमणांची भर आणि घट मिळविली तर लक्ष्य यावयास हवे. हे रेषीय समीकरणांचे कुल असून त्याची अऋण पूर्णांकी उत्तरे आहेत की नाहीत हे ठरविता येते. उत्तर नसेल तर लक्ष्य निश्चित अगम्य. मागील परिच्छेदातील सम टोकनांच्या जाळ्यात (१, ३) अगम्य आहे, हे या समीकरणाने एका ओळीत कळते.

परंतु उत्तर असले म्हणून लक्ष्य गम्य असतेच असे नाही. कारभाऱ्याच्या जाळ्यात लक्ष्य असे ठेवू: कारभारी क मध्ये आणि (क्ष, य, ज्ञ) म्हणजे (१, ०, ३). समीकरणाप्रमाणे पाहिल्यास, कारभाऱ्याची एक फेरी, क मधील हलविण्याचे संक्रमण दोनदा आणि ख मधील दुपटीचे संक्रमण दोनदा, एवढ्याने हिशेब जुळतो. य मध्ये दोन आले, दोन गेले; ज्ञ मध्ये एक होते, दोन गेले, चार आले, तीन उरले. पण प्रत्यक्षात आरंभी ज्ञ मध्ये एकच टोकन असल्यामुळे हलविण्याचे संक्रमण दुसऱ्यांदा घडू शकत नाही. वहीत जमाखर्च जुळतो. तिजोरीत मात्र देण्याच्या वेळी रोकड नसते. समीकरण अखेरची बाकी पाहते, मधली उसनवारी त्याला दिसत नाही.

याच लक्ष्याला आच्छादनीयतेची कसोटी लावली तर उत्तर 'होय' असे येते, कारण दोन फेऱ्यांनंतर (२, ०, ४) गाठता येते आणि ते (१, ०, ३) ला आच्छादते. म्हणजे दोन्ही सोप्या कसोट्या या लक्ष्याच्या बाजूने कौल देतात आणि तरीही ते अगम्य आहे. या एका उदाहरणात आपल्या प्रश्नाची सारी अडचण सामावली आहे. वृक्ष मधल्या पायऱ्यांचे भान ठेवतो, पण नेमके माप विसरतो. समीकरण नेमके माप ठेवते, पण मधल्या पायऱ्या विसरते. दोहोंचा मेळ घालणे हे खरे काम होय.

६. निर्णेयतेची सिद्धता

१९७७ साली जॉर्ज सॅसरडोटी आणि रिचर्ड टेनी यांनी हा मेळ घालण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. पण त्या सिद्धतेत उणिवा राहिल्या होत्या. पूर्ण सिद्धता १९८१ साली एर्न्स्ट मायर यांनी दिली. १९८२ साली एस. राव कोसाराजू यांनी आणि १९९२ साली जाँ-ल्यूक लांबेर यांनी ती अधिक सुबोध केली. तिचा गाभा असा.

तीन अटी विचारात घ्याव्यात. पहिली अट: जमाखर्चाच्या समीकरणाला अशी उत्तरे असावीत की ज्यांत प्रत्येक संक्रमणाची संख्या हवी तेवढी मोठी घेता येईल. दुसरी अट: आरंभापासून निघून सर्व साठे एकाच वेळी हवे तेवढे वाढविता यावेत. तिसरी अट: लक्ष्यापासून उलट दिशेने निघाले असताही तसेच करता यावे. या तिन्ही अटी पाळल्या जात असतील तर लक्ष्य गम्य असते. प्रथम दुसऱ्या अटीने पुरेसे भांडवल उभे करावे. मग समीकरणाच्या उत्तरात सांगितलेली संक्रमणे घडवावीत. मधल्या तुटीची आता भीती नाही, कारण भांडवल विपुल आहे. शेवटी तिसऱ्या अटीने मिळालेला मार्ग सुलट वापरून लक्ष्यावर उतरावे. चढ आणि उतार यांतील तफावत पहिल्या अटीतील विपुल उत्तरांनी भरून काढता येते. भांडवल असेल तर उसनवारी वावगी ठरत नाही, हेच तत्त्व येथे गणिताच्या वेषात दिसते.

एखादी अट मोडत असेल तर काय करावे? तर मग एखादे संक्रमण किंवा एखादा साठा एका शोधून काढता येणाऱ्या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, असे निष्पन्न होते. मर्यादित साठा हा खरा साठा नव्हेच. त्याची सांत मूल्ये कारभाऱ्याच्या अवस्थांत समाविष्ट करावीत. मूळ प्रश्न अशा रीतीने काही थोड्या सोप्या प्रश्नांत विभागला जातो, आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' असेल तर मूळ उत्तर 'होय'. प्रत्येक विभागणीत प्रश्नाच्या गुंतागुंतीचे माप कोशातील शब्दांप्रमाणे लावलेल्या क्रमात खाली येते. असा उतार अनंत काळ चालू शकत नाही. म्हणून रीती थांबते.

७. 'नाही' म्हणण्याचा पुरावा

वरील सिद्धता समाधानकारक असली तरी एक खंत उरते. उत्तर 'होय' असेल तर संक्रमण-मालिका दाखविता येते आणि ती कोणालाही तपासता येते. उत्तर 'नाही' असेल तर दाखविण्यासारखे काय आहे? याचे उत्तर फ्रान्समधील जेरोम लरू यांनी २००९ साली दिले आणि २०११ साली त्याची स्वतंत्र सिद्धता मांडली. त्यांचे प्रमेय असे की, लक्ष्य अगम्य असेल तर प्रेसबर्गर अंकगणितात लिहिता येईल असा एक संच सापडतोच, ज्यात आरंभ आहे, लक्ष्य नाही, आणि ज्यातून कोणतेही संक्रमण बाहेर नेत नाही.

आपल्या उदाहरणात असा संच हाताने लिहिता येतो. कारभारी क मध्ये असेल तर: क्ष शून्य असता य आणि ज्ञ यांची बेरीज १ हून अधिक नसावी, क्ष एक असता ती २ हून अधिक नसावी, क्ष दोन वा अधिक असता कोणतेही बंधन नाही. कारभारी ख मध्ये असेल तर: क्ष शून्य असता य ची दुप्पट अधिक ज्ञ ही संख्या २ हून अधिक नसावी; क्ष एक वा अधिक असता बंधन नाही. आरंभ (०, ०, १) या संचात आहे. क मधील संक्रमणाने य आणि ज्ञ यांची बेरीज बदलत नाही. ख मधील संक्रमणाने य ची दुप्पट अधिक ज्ञ ही संख्या बदलत नाही. क्ष शून्य असता क मधून ख मध्ये जाताना बेरीज १ च्या आत असल्याने दुसरी संख्या २ च्या आत राहते. ख मधून परतताना क्ष एक होतो आणि बेरीज २ च्या आत राहते. उरलेल्या ठिकाणी बंधनच नाही. संचाबाहेर पडण्यास कोठेही वाट नाही, आणि (१, ०, ३) तर त्यात नाही, कारण तेथे बेरीज ३ आहे. म्हणून ते अगम्य आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, गम्य संच स्वतः घातीय वक्राने बांधलेला असूनही त्याला लक्ष्यापासून वेगळे करणारी भिंत रेषीय असमीकरणांची आहे. प्रेसबर्गर अंकगणित निर्णेय आहे हे १९२९ पासून ज्ञात आहे. त्यामुळे अत्यंत साधी निर्णय-रीती मिळते: एका हाताने सर्व संक्रमण-मालिका क्रमाने तपासाव्यात, दुसऱ्या हाताने प्रेसबर्गर सूत्रे, दोहोंपैकी एक हात केव्हातरी यशस्वी होणारच.

८. श्रमांचा हिशेब

'केव्हातरी' म्हणजे केव्हा? रिचर्ड लिप्टन यांनी १९७६ सालीच दाखविले होते की, गम्यता ठरविण्यास निदान घातीय स्मृती लागतेच. पुढील चार दशके या खालच्या मर्यादेत सुधारणा झाली नाही, आणि वरची मर्यादा मात्र तिच्याहून कल्पनेपलीकडे दूर होती. २०१९ साली व्होइचेख चेर्विन्स्की, स्वावोमिर लासोटा, रांको लाझिच, जेरोम लरू आणि फिलिप माझोव्येत्स्की यांनी घातांच्या कोणत्याही ठराविक उंचीच्या मनोऱ्यात हे श्रम बसत नाहीत असे सिद्ध केले. त्याच वर्षी लरू आणि सिल्व्हां श्मित्स यांनी आकरमान फलनाएवढी वरची मर्यादा दिली. २०२१ साली लरू यांनी, आणि स्वतंत्रपणे चेर्विन्स्की व ऊकाश ऑर्लिकोव्स्की यांनी, खालची मर्यादाही तेथवर नेली. दोन्ही टोके मिळाली.

आकरमान फलनाची वाढ किती, याची कल्पना येण्यासाठी फलनांची एक साखळी घ्यावी. पहिले फलन संख्येची दुप्पट करते. पुढचे प्रत्येक फलन मागील फलन, १ पासून आरंभ करून, दिलेल्या संख्येइतक्या वेळा लावते. दुसरे फलन म्हणजे दोनाचे घात. तिसरे म्हणजे दोनांच्या घातांचा मनोरा. तिसऱ्या फलनाचे ४ या संख्येसाठी मूल्य ६५,५३६ आहे. ५ साठी येणारी संख्या १९,७२९ अंकांची आहे. साखळीतील कितवे फलन घ्यावयाचे हेच दिलेल्या संख्येवरून ठरविले की आकरमान फलनाची वाढ मिळते.

जी जाळी शून्यताही तपासू शकत नाहीत त्यांच्यात हे सामर्थ्य आले कोठून? कारभाऱ्याच्या जाळ्याकडे पुन्हा पाहावे. साठा कमी राहू शकतो, अधिक होऊ शकत नाही. म्हणजे जाळे घाताचे गणन दुबळेपणाने करते. आता लक्ष्य (१०, ०, १०२४) असे ठेवले तर काय होते पाहा. १०२४ ही दहा फेऱ्यांतील कमाल मर्यादा. तिथपर्यंत पोहोचावयाचे तर प्रत्येक फेरीत प्रत्येक स्थान पुरते रिकामे केलेच पाहिजे; कोठेही एक टोकन मागे राहिले तरी मर्यादा हुकते. अशी मालिका एकच आहे आणि तिच्यात २,०६६ संक्रमणे आहेत. वाटेत कोणी शून्यता तपासली नाही. अखेरच्या नेमक्या मापाने ती सारी तपासून घेतली. लक्ष्य १०२३ केले तर शेवटच्या फेरीत एक टोकन मागे ठेवण्याची मुभा मिळते, आणि १०२५ केले तर मार्गच उरत नाही. आच्छादनीयतेत अशी अखेरची मोजदाद नसते, म्हणून ती घातीय स्मृतीत भागते. गम्यतेत असते, म्हणून ती आकरमान फलनापर्यंत जाते. २०१९ आणि २०२१ च्या सिद्धतांत अत्यंत कुशल रचना आहेत. परंतु अखेरच्या एका नेमक्या तपासणीत मधल्या असंख्य तपासण्या साठविता येतात, हेच त्यांचे बीज होय.

९. समारोप

या विवेचनावरून संशोधकाने काय घ्यावे? प्रथम आपला प्रश्न कोणता हे ठरवावे. 'निदान इतके' एवढेच विचारावयाचे असेल तर तो आच्छादनीयतेचा प्रश्न आहे; त्याला गम्यतेची अवजड साधने लावू नयेत. 'नेमके इतके' विचारावयाचे असेल, उदाहरणार्थ काम संपल्यावर एकही संदेश पडून राहिलेला नाही असे दाखवावयाचे असेल, तर कार्प-मिलर वृक्षातील ओमेगा पाहून 'होय' म्हणू नये. आधी जमाखर्चाचे समीकरण सोडवावे. ते 'नाही' म्हणाले तर काम संपले. ते 'होय' म्हणाले तर एकीकडे मालिका शोधावी आणि दुसरीकडे बंद संच शोधावा. आकरमान फलनाची मर्यादा ही सर्वांत वाईट जाळ्यांविषयी आहे. व्यवहारातील पुष्कळ जाळी इतकी निर्दय नसतात, आणि एखादा लहानसा बंद संच वरीलप्रमाणे थोडक्यात काम भागवितो.

निर्णेयतेची सीमाही दृष्टीआड होऊ देऊ नये. दोन जाळ्यांचे गम्य संच समान आहेत काय, हा प्रश्न अनिर्णेय आहे, हे मिशेल हॅक यांनी १९७६ साली दाखविले. एक अवस्था गाठता येते काय हे ठरविता येते. दोन जाळी सर्वस्वी सारखी वागतात काय हे ठरविता येत नाही. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात अजून पुष्कळ प्रश्न उभे आहेत. त्यांतील एखाद्याकडे आमच्या विद्यार्थ्यांचे लक्ष वेधले जावे, आणि तिकडे वळताना 'निदान' आणि 'नेमके' या दोन शब्दांतील अंतर त्यांनी मनात पक्के धरावे, एवढीच अपेक्षा.